गल्ल्यावर बसलेल्याने सरकारी मसुदा कसा वाचावा

१९९४ साली मी लालबागला एका व्हिडिओ गेम पार्लरच्या गल्ल्यावर बसलो आणि दोन वर्षं बसलो. पाटी मुलांच्या खेळांची होती. आत चौदा यंत्रं, त्यातली नऊ फळांची चित्रं फिरवणारी. एक पोरगा चावी लावून पॉइंट चढवायचा, गिऱ्हाईक बटण दाबत बसायचं, आणि उठताना पॉइंट उरलेच तर त्याचे पैसे मी गल्ल्याआडून द्यायचो. हे कायद्यात बसत नाही हे मला माहीत होतं. बी.कॉम. झालो होतो, वडील ८२ च्या संपानंतर परत गिरणीत गेलेच नव्हते, आणि महिन्याला अठराशे रुपये मिळत होते. आता मी दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब करतो. पण नऊ यंत्रांचे आकडे रोज रात्री वहीत उतरवायची ती सवय मला या विषयात जेवढी उपयोगी पडली तेवढं दुसरं काही नाही.

माझी भाची सिडनीच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते, आता तिकडचीच नागरिक आहे. जुगाराच्या यंत्रांमुळे होणारं नुकसान कमी करण्यासाठी तिथल्या सरकारने काही प्रस्ताव मांडून लोकांची मतं मागवली होती. तिने तो चाळीस पानी कागद मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि रात्री फोन केला. "मामा, मला मत पाठवायचंय. पण वाचून सगळंच चांगलं वाटतंय. तू काय लिहिशील?"

मला तर वाचतानाच दिसत होतं की निम्मे प्रस्ताव आमच्या मालकाने हसत हसत मान्य केले असते.

तिकडे या यंत्रांना लाडाने 'पोकी' म्हणतात. गोव्याच्या कॅसिनोत असतात तसलीच, पण तिकडे ती गल्लीतल्या बारमध्ये आणि क्लबांमध्ये आहेत. सिडनी ज्यात येतं त्या एकट्या न्यू साउथ वेल्स राज्यात ८५ हजारांहून अधिक. त्या दिवशी भाचीला तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते इथे सलग लिहितो. आपल्याकडेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला, त्याआधी तमिळनाडूने वेळेचे नियम केले, गोव्यात कॅसिनोचा वाद कायमचाच. असला कागद कधी ना कधी तुमच्याही हातात पडेल.

आधी गुणाकार

कागद उघडण्याआधी एका कोऱ्या पानावर यंत्राचा हिशेब मांडा. एका डावाची रक्कम, गुणिले तासातले डाव, गुणिले यंत्र स्वतःकडे ठेवतं तो टक्का. बस्स.

समजा यंत्र शंभरातले नव्वद परत देतं, म्हणजे दहा ठेवतं. तीन सेकंदांना एक डाव धरला तर तासाला १,२०० डाव. डाव एक डॉलरचा असेल तर तासाला सरासरी १२० डॉलर जातात. डाव दहा डॉलरचा, म्हणजे न्यू साउथ वेल्समधल्या कमाल मर्यादेचा, असेल तर १,२०० डॉलर. ऑस्ट्रेलियाच्याच उत्पादकता आयोगाने, म्हणजे सरकारला धोरणांवर सल्ला देणाऱ्या संस्थेने, २०१० च्या अहवालात एका डावाला एक डॉलरची मर्यादा घाला असं सुचवलं होतं, त्यामागे हाच हिशेब होता. ब्रिटनमध्ये सट्ट्याच्या दुकानांतल्या यंत्रांवर एका डावाला १०० पौंड लावता यायचे, ते एप्रिल २०१९ पासून २ पौंडांवर आणले.

'नव्वद टक्के परत' हे ऐकून बरीच शहाणी माणसं फसतात. शंभर घेऊन बसलेला माणूस नव्वद घेऊन घरी जातो, असा त्याचा अर्थ नाही. तो नव्वद परत लावतो, मग त्याचे एक्क्याऐंशी, मग त्र्याहत्तर. दहा फेऱ्यांनंतर हातात पस्तीस. तेवढ्यात यंत्र मधेमधे वाजतंही: वीस ओळींवर मिळून एक डॉलर लावलेला असतो, एका ओळीवर तीस सेंट येतात, दिवे लागतात, गाणं वाजतं. सत्तर सेंट गेले, पण कानाला जिंकल्यासारखं वाटलं. आमच्या पार्लरातली यंत्रं एवढी हुशार नव्हती, तरी एकाचं यंत्र वाजलं की बाकीच्या आठ खुर्च्यांवरचे हात भरभर चालायचे, हे मी रोज बघत होतो.

आता कागद वाचायला घ्या आणि हातात दोन रंगांची पेनं घ्या. जे वाक्य त्या गुणाकारातल्या एखाद्या आकड्याला किंवा खेळण्याच्या तासांना हात लावतं, त्याखाली हिरवी रेघ. जे वाक्य खेळणाऱ्याने सुधारावं अशी आशा धरतं, त्याखाली लाल. जागृती, फलक, प्रशिक्षण, मदतक्रमांक, 'माहितीपूर्ण निवड' हे सगळं लाल. लाल म्हणजे वाईट असं नाही. मदतक्रमांक असावाच. पण चाळीस पानांत हिरव्या रेघा किती पडल्या ते मोजा. भाचीच्या कागदात सहा पडल्या.

फलकाबद्दल मी जरा कडवट आहे, कारण आमच्या मालकाने तो आपणहून लावला होता. गणपतीच्या दिवसांत पोलिसांची ये-जा वाढायची, तेव्हा त्याने लाल अक्षरांत पाटी रंगवून घेतली: 'खेळ करमणुकीसाठी खेळा, मर्यादेत खेळा'. पाटी लावायच्या आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस, माझ्या वहीत फरक सव्वाशे रुपयांचा, तोही वरच्या बाजूने. 'जबाबदारीने खेळा' या वाक्यात जबाबदारी कोणाची ठरते ते बघा. ऑस्ट्रेलियात ऑनलाइन सट्ट्याच्या जाहिरातींतून ते वाक्य २०२३ मध्ये काढावं लागलं. त्याजागी आलं त्याचा अर्थ साधारण असा: 'तुम्ही आता हरण्याचीच शक्यता आहे.'

गल्ला उतरेल का, हे कुठे लिहिलंय?

माझी मुख्य परीक्षा हीच. नुकसान कमी करतो म्हणणाऱ्या प्रस्तावाने गल्ला उतरणार नसेल, तर तो कोणाचं नुकसान कमी करणार? आयोगाच्या त्याच अहवालात अंदाज आहे की यंत्रांत जाणाऱ्या पैशातला सुमारे ४० टक्के पैसा जुगाराच्या गंभीर आहारी गेलेल्यांचा असतो. त्यांनी स्वतःच पट्टा मोठा दिलाय, २२ ते ६० टक्के. खालचा आकडा धरला तरी, त्या माणसांचा खर्च खरोखर घटला तर गल्ल्यात खड्डा पडलाच पाहिजे.

म्हणून कागदाच्या शेवटी जा, जिथे महसुलाचा तक्ता असतो. तिथे पुढच्या चार वर्षांचं यंत्रांवरच्या कराचं उत्पन्न दिलेलं असतं, किंवा अर्थसंकल्पाच्या कागदांत सापडतं. पहिल्या पानावर 'नुकसानात मोठी घट' आणि शेवटच्या पानावर कराची रक्कम दरवर्षी चढती, असं असेल तर एका पानाचा दुसऱ्यावर विश्वास नाही. दुकानदार विक्री कमी झाल्याचं सांगतो आणि खरेदीची बिलं वाढलेली असतात, तेव्हा मी त्याला चहा पाजून शांतपणे विचारतो. सरकारलाही तसंच विचारायचं, लेखी.

यंत्रांची संख्या कमी करण्याचा प्रस्ताव याच चाळणीतून गळतो, आणि लवकर गळतो. आमच्याकडे नऊ होती, तुडुंब चालायची ती पाच. चार काढून नेली असती तर मालकाने विजेचं बिल वाचलं म्हणून पेढे वाटले असते. किती यंत्रं गेली ते नको, माणशी किती पैसे गेले ते सांगा.

खुर्चीवरून उठवणारी गोष्ट

९५ च्या जुलैत पाणी भरलं आणि आमच्या मीटरच्या पेटीत शिरलं. आठवडाभर रोज संध्याकाळी फ्यूज उडायचा, वीस-पंचवीस मिनिटं अंधार. लोक बाहेर पडायचे, समोर कटिंग प्यायचे, आणि त्यातले दोघे-तिघे परत आतच यायचे नाहीत. छत्री उघडून सरळ घरी. त्या आठवड्यात गल्ला पाचवा हिस्सा कमी झाला. खेळ बंद असायचा रोज फक्त वीस-पंचवीस मिनिटं, पण पैसे त्या मिनिटांच्या मानाने फारच जास्त कमी आले. हे मला तेव्हा कळलं नाही. मालकाला बरोबर कळलं. दुसऱ्या आठवड्यात त्याने इन्व्हर्टर आणला.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात असंच दोनदा घडलं, मोठ्या प्रमाणात. २००२ मध्ये यंत्रांच्या खोल्यांत सिगारेट बंद केली. कायदा धुराचा होता, पण उत्पन्न घसरलं यंत्रांचं, कारण ओढायची तर उठून बाहेर जावं लागायचं. मग जुलै २०१२ पासून त्या जागांमधली एटीएम काढायला लावली. पैसे संपले की रस्त्यावर जा, चार पावलं चाला. बार आणि क्लबांमधला यंत्रांचा गल्ला सुमारे ७ टक्क्यांनी उतरला. यातला एकही उपाय खेळणाऱ्याला उपदेश करत नव्हता.

तेव्हा प्रस्तावात हे शोधा: माणूस खुर्चीवरून कधी उठतो? यंत्रात एका वेळी किती पैसे भरता येतात? नोट सरकवायची फट आहे का? नॉर्वेने २००६ मध्ये ही फटच बंद केली. पुढच्या वर्षी, १ जुलै २००७ ला, खासगी यंत्रं सगळीच उचलली, आणि २००९ मध्ये सरकारी कंपनीची नवी आणली ती कार्डाशिवाय न चालणारी आणि हरण्याची मर्यादा असलेली. पोरगा दहा-दहाचे पॉइंट चढवायचा तेव्हा आमचं गिऱ्हाईक दर वेळी त्याला हाक मारायचं, त्याची वाट बघायचं. मालकाने पन्नासच्या पटीत चढवायला सांगितल्यावर ती हाक मारायचीही गरज उरली नाही. वहीत त्या तारखेपासून आकडे जाड होतात.

तासांचं कलमही इथेच वाचा. मध्यरात्रीनंतर आमच्याकडे उरायचे ते ठरलेले चारपाच जण. नुसती करमणूक करायला आलेले तोवर घरी गेलेले असायचे. आयोगाने म्हटलं होतं, उशिरात उशिरा रात्री दोनला बंद करा आणि निदान सहा तास बंद ठेवा. न्यू साउथ वेल्सचा नियम पहाटे चार ते सकाळी दहा असा, आणि त्यातूनही शेकडो जागांना सवलती मिळाल्या. पहाटे चारला बंद म्हणजे वरातीमागून घोडं. तमिळनाडूने पैशाच्या ऑनलाइन खेळांना रात्री बारा ते पहाटे पाच बंदी घातली आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती मान्य केली, ती वेळ मला जास्त समजून घातलेली वाटते. वेळेचं कलम दिसलं की त्याखालचं सवलतीचं उपकलम आधी वाचायचं.

'ऐच्छिक', 'प्रायोगिक' आणि 'अधिसूचित करील त्या दिनांकापासून'

हे तीन शब्दप्रयोग दिसले की पेन खाली ठेवू नका.

खेळायच्या आधी माणसाने स्वतःची मर्यादा ठरवायची, ती संपली की यंत्र थांबेल, ही कल्पना चांगली आहे. सगळा प्रश्न ती सक्तीची की ऐच्छिक एवढाच. व्हिक्टोरियात २०१५ च्या अखेरीपासून बार-क्लबांत ऐच्छिक व्यवस्था आली आणि ती नगण्य लोकांनी वापरली. साहजिक आहे, कार्डाची मर्यादा संपली की कार्ड काढायचं आणि तसंच खेळायचं. मेलबर्नच्या कॅसिनोत २०२३ च्या डिसेंबरपासून ती सक्तीची झाली. तिकडच्याच टास्मानिया राज्याने २०२२ मध्ये दिवसाला १००, महिन्याला ५०० आणि वर्षाला ५,००० डॉलर अशी सक्तीची मर्यादा जाहीर केली. मी वाचलेल्यांत सगळ्यात नेमका प्रस्ताव. दोन वर्षांत गुंडाळून ठेवला.

प्रयोग करायलाही माझी हरकत नाही. पण तीन प्रश्न लेखी विचारा: प्रयोगाच्या जागा कोणी निवडल्या, तो कोणत्या तारखेला संपणार, आणि काय निघालं तर यशस्वी म्हणणार. तिसऱ्याचं उत्तर आधी लिहिलेलं नसेल तर प्रयोग संपल्यावर दुसरा प्रयोग येतो.

आणि तारीख. हे आपल्याइतकं कोणाला कळणार! महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं कायदा पुस्तकात. गोव्याने स्थानिकांना कॅसिनोत बंदी करणारी दुरुस्ती २०१२ मध्ये केली, ती लागू झाली १ फेब्रुवारी २०२० ला. ब्रिटनमध्ये तर २ पौंडांची मर्यादा सहा महिने पुढे ढकलली म्हणून ट्रेसी क्राउच या मंत्र्यांनी २०१८ मध्ये राजीनामा दिला, मग सरकारने तारीख परत अलीकडे आणली. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान जुलिया गिलार्ड यांनी अपक्ष खासदार अँड्र्यू विल्की यांचा पाठिंबा घेताना सक्तीच्या मर्यादेचं वचन दिलं होतं. क्लबांनी जोरदार मोहीम काढली आणि जानेवारी २०१२ मध्ये ते वचन मोडलं. म्हणून मी कागद वाचताना 'प्रारंभ' हे कलम पहिल्या वाचनातच शोधतो.

'इथे बंद केलं तर तिकडे जातील'

हा युक्तिवाद प्रत्येक कागदात असतो, आणि तो पूर्ण खोटा नाही. मुंबईला हे शिकवायला नको. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावावर आकडे लावणारं शहर आहे हे. ते भाव यायचे बंद झाले तर लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढल्या आणि मटका चालूच राहिला.

तरी मोजावं. आमच्यावर एकदा धाड पडली, पार्लर अकरा दिवस बंद होतं. परत उघडल्यावर मी नेहमीची बावीस तोंडं वहीत लिहिली. पंधरा आठवड्याभरात आली. दोघे चिंचपोकळीच्या दुसऱ्या पार्लरात जायला लागले होते, हे पोऱ्याने सांगितलं. पाच जण कुठेच दिसले नाहीत. त्यातला एक पुढे मला भाजी विकताना भेटला. म्हणाला, सुटलं ते सुटलं. सगळे दुसरीकडे जात नाहीत, काही घरी जातात. नॉर्वेत यंत्रं उचलल्यावर मदतक्रमांकावरचे फोन घटले. आणि 'यंत्रं गेली तर क्लब बुडतील' याला उत्तर ऑस्ट्रेलियातच आहे: पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या एका कॅसिनोबाहेर ही यंत्रं कुठेच नाहीत. तिथेही बार आहेत, क्लब आहेत, शनिवारी गर्दी आहे.

दारातली बाई

भाचीच्या कागदात एक प्रस्ताव होता की आहारी गेलेल्या माणसाने स्वतःचं नाव देऊन स्वतःलाच बंदी घालून घ्यावी. तिने विचारलं, हे हिरवं की लाल? मी लगेच उत्तर दिलं नाही.

दर महिन्याच्या दहा तारखेला एक बाई आमच्या दारात येऊन उभी राहायची. नवरा एका चालू असलेल्या गिरणीत होता, दुसऱ्या पाळीचा, रात्री साडेअकराला पगार खिशात घेऊन थेट आमच्याकडे. ती आत यायची नाही. चपला काढून पायरीच्या कडेला ठेवायची, देवळात आल्यासारखी, का ते मला कधी कळलं नाही. एकदा तिने मला हाक मारली. "भाऊ, त्यांना पॉइंट चढवू नका ना. तुम्ही नाही म्हणालात तर ते उठतील." मी म्हणालो, वहिनी, मी नाही म्हणालो तर ते समोर जातील. ती म्हणाली, "समोरच्यांनाही सांगून आले. त्यांनी तुमचं नाव सांगितलं."

भाचीला म्हटलं, त्या कलमाला तीन प्रश्न विचार. एकदा नाव दिलं की राज्यातल्या सगळ्या जागांना लागू होतं, की प्रत्येक दारात वेगळं सांगायला जावं लागतं? घरचं माणूस नाव देऊ शकतं का? आणि यादीतल्या माणसाला आत घेतलं तर दंड कोणाला, त्याला की गल्ल्याला? तिन्हीची उत्तरं बरोबर असतील तर हिरवं. नाहीतर त्या बाईने लालबाग ते परळ चपला काढत फिरायचं.

मग लिहायचं काय

दीड पान पुरे. सुरुवातीला तुम्ही कोण आणि तुमचा या विषयाशी संबंध काय ते दोन ओळींत. 'माझ्या घरापासून बसस्टॉपपर्यंत अशी तीन ठिकाणं आहेत' हे वाक्य दहा अहवालांच्या उल्लेखापेक्षा जास्त वाचलं जातं. मग फक्त तीन प्रस्ताव निवडा, सगळ्यांवर मत देऊ नका. प्रत्येकाचा कलम क्रमांक, त्यात काय बदल हवा, आणि बदल केला की गुणाकारातला कुठला आकडा खाली येतो ते. शेवटी विचारायचे प्रश्न, क्रमांक घालून. प्रश्नाला क्रमांक असला की उत्तर न देणं जरा जड जातं.

भाचीने एका डावाची मर्यादा, यंत्रात भरायच्या पैशाची मर्यादा आणि ती स्वतःवरची बंदी असे तीन घेतले. फलकांवरचा परिच्छेद मी रागाने लांबवला होता, तो तिने काढून टाकला, बरं केलं. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. जूनमध्ये सिडनीचे पाच म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा. बारा वाजून वीस मिनिटांनी तिचा मेसेज आला, "गेलं." मी तोवर कपाटावरून जुनी वही काढून ठेवली होती. तिला त्या जुलैच्या पानाचा फोटो हवा होता.